बीडकरांचे दीवदर्शन

दीव हे सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला लागून असलेले, खाडीच्या एका अरुंद फाट्याने मुख्य भूमीपासून तुटलेले बेट आहे. दीव जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ३९ चौरस किलोमीटर, तर बीड जिल्ह्याचे १०,६९३. म्हणजे बीडच्या अकरा तालुक्यांत दीवसारखी पावणेतीनशे बेटे आरामात मावतील, फक्त त्यांच्या भोवती सोडायला पाणी पुरणार नाही. पोर्तुगीजांनी १५३५ मध्ये येथे किल्ला बांधायला घेतला आणि १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ते हलले नाहीत. त्यामुळे दीवला किल्ला आहे, चर्च आहेत, रंगीत जुनी घरे आहेत. पर्यटक येऊ लागल्यापासून गेस्ट हाउस आणि माशांची हॉटेले झाली. चहूकडे दारूबंदीचा गुजरात आणि दीव मात्र केंद्रशासित, त्यामुळे दारूची दुकानेही भरपूर आहेत. यांपैकी एकाही गोष्टीसाठी बीड जिल्ह्यातून कोणीही दीवला जात नाही, अशी बीड जिल्ह्याची अधिकृत भूमिका आहे.

अधिकृत भूमिकेप्रमाणे बीडकर सोमनाथला जातो. हा संबंध जुना आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी परळी वैजनाथ बीड जिल्ह्यात. परळीच्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला आणि सोमनाथलाही अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीच देऊळ बांधले. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी हे जामखेड तालुक्यातले, म्हणजे आष्टी-पाटोद्याच्या शेजारचे. त्यामुळे सोमनाथचे ते जुने देऊळ बीडचे यात्रेकरू आपल्याकडच्या बाईने केलेले काम म्हणून बारकाईने तपासतात आणि बहुतेक वेळा पास करतात. झारखंडातल्या देवघरचे लोक आपला वैद्यनाथ हेच खरे ज्योतिर्लिंग मानतात, पण हा विषय बसमध्ये काढायचा नसतो. पुढे द्वारकेजवळच्या नागेश्वराचे दर्शनही मराठवाड्याचा माणूस हात जोडून, परंतु औंढ्याच्या नागनाथाची बाजू मनात कायम ठेवूनच घेतो.

यात्रा बसने होते. रेल्वेचा विचार करण्याची सवय जिल्ह्याला लागलेली नाही, कारण बीड शहरातून पहिली प्रवासी गाडी सुटायला सप्टेंबर २०२५ उजाडला आणि तीही अहिल्यानगरपर्यंतच. हजारावर किलोमीटरच्या या प्रवासात बसबरोबर एक आचारी, शेगडी, सिलिंडर, दोन मोठी पातेली आणि तांदळाचे कट्टे असतात. शिवाय प्रत्येक घरच्या पिशवीत दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेच्याची बरणी असते. बसचा स्वयंपाक पुरेसा आहे हे ठाऊक असूनही ही पिशवी भरली जाते. यात्रेचे संयोजन एखादे कीर्तनकार महाराज किंवा सेवानिवृत्त गुरुजी करतात. महाराजांकडे पुण्याचा हिशेब असतो, गुरुजींकडे पैशाचा. एकाच माणसाकडे दोन्ही असले तर बसमध्ये कुजबुज सुरू होते.

छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत सोमनाथ, भालका तीर्थ, गिर, द्वारका, बेट द्वारका आणि नागेश्वर ही नावे ठळक असतात. बेट द्वारका हेही बेटच. परंतु तिथे देव असल्यामुळे त्याला वेगळे कारण द्यावे लागत नाही. दीवची अडचण इथेच आहे. पुण्याच्या यात्रेत मजेला कारण लागते, आणि ते कारण छापण्याजोगे असावे लागते. दीवला असे कारण सापडले आहे. बेटावरच्या फुदम गावाजवळ, समुद्राला लागून असलेल्या खडकात गंगेश्वराचे स्थान आहे. तिथे पाच शिवलिंगे आहेत, पांडवांनी स्थापन केलेली असे सांगतात. म्हणून पत्रिकेत “गंगेश्वर दर्शन” असे छापले जाते आणि दीव हे नाव त्यापुढे कंसात, बारीक टाइपात येते. घरातल्या थोरल्या माणसाने चष्मा न लावता पत्रिका वाचली तर दीवचा पत्ता लागत नाही.

सोमनाथहून दीव सुमारे नव्वद किलोमीटर. कोडीनार आणि ऊना ही गावे वाटेत लागतात. या पट्ट्यात ऊस आहे, आणि ऊस दिसला की बसमधली आध्यात्मिक चर्चा थांबते. ज्या जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो माणसे कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे जातात, तिथल्या माणसाला फड नुसता पाहता येत नाही. लागण आहे की खोडवा, कांड्या किती, पाणी पाटाचे की ठिबकचे, एकरी उतारा किती पडेल, हे खिडकीतूनच ठरते. ज्यांना सोमनाथच्या गाभाऱ्यासमोर दोन मिनिटे उभे राहायला मिळाले नाही, ते या फडासमोर बस थांबवून दहा मिनिटे उभे राहतात.

बेटावर पोहोचणे हा पहिला अपेक्षाभंग असतो. पुलावरून बस खाडी ओलांडते आणि खाडी संपते. चार घरे, एक पेट्रोल पंप, दुकानांच्या पाट्या; गाव ते गावच. “बेट कुठंय?” असे मागच्या सीटवरून विचारले जाते आणि “ह्याच्यातच आलोत की आपण” हे उत्तर कोणालाही पटत नाही. बीडकराची बेटाची कल्पना कंकालेश्वरावरून घडलेली आहे. बीड शहरातले हे जुने देऊळ कुंडाच्या मधोमध उभे आहे, भोवतीचे पाणी एका नजरेत मोजता येते, आणि पाऊस बरा झाला असेल तर ते पाणी खरेच असते. ज्या बेटाच्या मधोमध उभे राहून पाणी दिसतच नाही, ते बेट त्याला कागदोपत्री वाटते.

बस आधी थेट गंगेश्वराला नेली जाते, कारण कारण आधी उरकावे लागते. पायऱ्या उतरून खाली गेले की खडकाच्या कपारीत पाच लिंगे दिसतात आणि लाटा त्यांच्यावर येऊन आदळत असतात. इथे बायकांची खरी परीक्षा होते. बेल वाहायचा, हळदकुंकू लावायचे, उदबत्ती पेटवायची, आणि हे सगळे दोन लाटांच्या मधल्या वेळात. पहिली लाट बेल नेते, दुसरी कुंकू. तिसरी गुडघ्यापर्यंत येते तेव्हा उदबत्तीचा पुडाही जातो. “आवो, वाहू तरी द्या की!” असे एखादी मावशी समुद्राला बजावते. निर्माल्य उचलायला माणूस लागत नाही आणि अभिषेकाची पावती फाडावी लागत नाही, ही व्यवस्था मात्र सर्वांना मनापासून आवडते. वर आल्यावर महाराज “आता मोकळे” असे म्हणतात. त्यांना दर्शन झाले एवढेच म्हणायचे असते. बस त्याचा अर्थ सोयीने घेते.

त्यानंतर मुक्कामाचा प्रश्न येतो. सोमनाथ-द्वारकेला धर्मशाळा आणि भक्तनिवास असतात. दीवला गेस्ट हाउस आहेत, आणि गेस्ट हाउसचा हिशेब खोलीवर चालतो, माणसांवर नाही. येथे यात्रा कंपन्यांच्या अर्थशास्त्रातला सर्वात महत्त्वाचा सिद्धान्त लागू होतो. तो असा, की पन्नास माणसांना झोपायला पंचवीस खोल्या लागत असल्या तरी “फ्रेश व्हायला” दोन पुरतात. एक पुरुषांची, एक बायकांची. मालक दोन खोल्यांच्या किल्ल्या देतो आणि रजिस्टर लिहायला खाली मान घालतो. मान वर करतो तेव्हा जिन्यावर टॉवेल, लोटे आणि दंतमंजनाच्या डब्या घेतलेली माणसे पहिल्या मजल्यापासून फाटकापर्यंत ओळीने उभी असतात. “सब यहाँ रहेंगे क्या?” असे तो घाबरून विचारतो. “नहीं नहीं, रहेंगे चारच. बाकी के नहाके जाएंगे,” असे गुरुजी समजावतात. गरम पाणी सातव्या माणसाला संपते आणि त्याबद्दलची तक्रार विसाव्या माणसाकडून येते, कारण मधल्या बारा जणांना गारच पाण्याची सवय असते.

जे खरोखर मुक्काम करतात ते पहाटे चारला उठतात. काकड्याला टाळ लागतात. शेजारच्या खोल्यांत गुजरातेतून शनिवार-रविवार साधून आलेली तरुण मंडळी नुकतीच झोपलेली असते. दारू पिऊन झोपलेला माणूस आणि काकड्याला उठलेला माणूस यांची भेट व्हायला दीवसारखी दुसरी जागा नसावी. ही भेट बहुधा व्हरांड्यात होते आणि दोघेही एकमेकांना “जय श्रीकृष्ण” म्हणून सुटका करून घेतात.

दीवमध्ये पाहण्याजोगी तीन जुनी चर्च आहेत. त्यांपैकी सेंट पॉल चर्चमध्येच आज नियमित उपासना चालते. त्याचे बांधकाम १६०१ मध्ये सुरू झाले आणि १६१० मध्ये पुरे झाले. ज्या सुमारास अंबाजोगाईत दासोपंत चाळीसेक फूट लांबीच्या पासोडीवर पंचीकरणाचा विषय उतरवत होते आणि देहूला तुकाराम महाराजांचा जन्म व्हायचा होता किंवा नुकताच झाला होता, त्या सुमारास दीवला हे काम चालू होते, असे सांगितले की चर्चचे वय बीडकराला लगेच कळते. बाहेरून ते दगडी, पांढरे आणि नक्षीदार आहे. आत गेल्यावर मात्र लाकडाचे काम डोळ्यांत भरते. वेदी आणि तिच्या भोवतालचे कोरीव काम गडद लाकडात आहे, आणि यात्रेकरूंचा मोठा वेळ तिथेच जातो.

चर्चमध्ये शिरण्यापूर्वी चपला काढायला कोणी सांगितलेले नसते. तरीही पाच मिनिटांत दाराशी पन्नास जोडांचा ढीग पडतो आणि त्यावर लक्ष ठेवायला एक आजोबा बसतात. आत आल्यावर पहिला हात वर जातो, घंटेसाठी. ती हाताशी नसते. मग प्रदक्षिणेची वाट शोधली जाते. तीही वेदीमागून निघत नाही. तीर्थ-प्रसाद नाही, अंगारा नाही. करण्यासारखे काहीच उरले नाही म्हणून माणसे बाकांवर बसतात, आणि तेवढ्यासाठीच ही बाके ठेवलेली आहेत हे त्यांच्या लक्षात येत नाही. मेरीच्या मूर्तीपाशी बायका थांबतात. कडेवर लेकरू असलेल्या कोणत्याही देवीला काय म्हणायचे ते त्यांना शिकवावे लागत नाही. पदराच्या गाठीतले नाणे निघते, डोके टेकले जाते आणि सुनेच्या नावाचा हलक्या आवाजात उल्लेख होतो.

पुरुष तोवर लाकूड मोजतात. मराठवाड्यातले जुने वाडे अलीकडे राहण्यासाठी कमी आणि उतरवण्यासाठी जास्त उपयोगी पडले आहेत. खांब, तुळया, चौकटी यांना गिऱ्हाईक येते आणि वाडा ट्रकमध्ये बसून निघून जातो. त्यामुळे सागवानाचा भाव घनफुटात काढण्याची विद्या अनेकांना अवगत असते. वेदीसमोर उभे राहून आबा आणि तात्या यांच्यात बोली लागते. एकाचे म्हणणे एवढ्या लाकडात माळवदाचे दोन वाडे निघतील, दुसऱ्याचे म्हणणे कोरीव मालाची घट धरली पाहिजे. वाळवी कशी लागली नाही, हा प्रश्न मात्र दोघांनाही सारखाच सतावतो. चारशे वर्षे टिकलेल्या कलाकृतीविषयी इतका व्यावहारिक आदर कलेच्या इतिहासकारांनाही दाखवता आलेला नाही.

दुसरे चर्च सेंट थॉमसचे, १५९८ मधले. त्यात आता संग्रहालय आहे आणि संतांच्या जुन्या मूर्ती, काही लाकडी, ओळीने मांडलेल्या आहेत. या चर्चच्या वरच्या अंगाला बरीच वर्षे प्रवाशांसाठी खोल्याही होत्या. मूर्ती पूजेत नाहीत हे सांगूनही उपयोग होत नाही. ओळीतल्या प्रत्येकीला नमस्कार केला जातो, कारण एकीला केला आणि दुसरीला नाही असे बरे दिसत नाही. तिसरे चर्च सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे, १५९३ मधले. त्याच्या वास्तूत दवाखाना आला. देवळात दवाखाना ही सोय बसमधल्या ज्येष्ठांना इतकी पटते की गुडघेदुखीची चौकशी तिथेच सुरू होते.

लाकडी चर्चच्या बाबतीत दीवला जगात पुढचा नंबर मिळणार नाही. तो मान दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाच्या चिलोए बेटाकडे जातो. तिथली चर्च भिंतींपासून मनोऱ्यापर्यंत लाकडाची आहेत, त्यांत लाकडी खुंट्यांनी सांधे जोडलेले आहेत, आणि त्यांपैकी सोळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. कास्त्रो हे त्या बेटाचे मुख्य गाव. तिथेही गेस्ट हाउस आणि माशांची हॉटेले आहेतच. बीडकराला चिलोएची चर्च पाहून नवल वाटेल, पण त्याला खरा आपलेपणा वाटेल तो तिथल्या दुसऱ्याच प्रथेने. एखाद्याला घर हलवायचे असले की गावकरी जमतात, आख्खे लाकडी घर ओंडक्यांवर चढवतात, बैलजोड्या जुंपतात आणि ओढत नव्या जागी नेऊन ठेवतात. काम झाल्यावर घरमालक सर्वांना जेवू घालतो. आपल्याकडे पेरणी-कोळपणीला इर्जिक घालतात तसाच हा प्रकार. फरक इतकाच की आपल्याकडे बैल शेत ओढतात आणि घर जागेवर राहते.

चर्चनंतर किल्ला. दीवचा किल्ला मोठा आहे, समुद्रात घुसलेला आहे, त्याच्या तटावर तोफा आहेत आणि आत दीपगृह आहे. गुजरातच्या बहादूरशहाने मोगलांच्या भीतीने १५३५ मध्ये पोर्तुगीजांना किल्ला बांधायची परवानगी दिली आणि १५३७ मध्ये दीवच्याच पाण्यात पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला. पुढे १५३८ आणि १५४६ असे दोन मोठे वेढे पडले, दोन्ही फसले. बीडच्या त्या काळच्या धन्याचा अनुभवही वेगळा नव्हता. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ मध्ये पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला आणि उठवला. याच निजामशहाच्या राजवटीत बीडची खजाना बावडी झाली. समुद्रावर हात पोहोचला नाही, तरी जमिनीतले पाणी त्यांनी पक्के धरले, आणि बीडला त्याचाच उपयोग जास्त झाला.

किल्ला बीडकराला थोडा गोंधळात टाकतो. धारूरचा किल्ला सोडला तर जिल्ह्यात गड म्हणजे नारायणगड, गहिनीनाथगड. तिथे तोफा नसतात, सप्ताह असतो, आणि वर चढून गेलेला माणूस जेवल्याशिवाय खाली येत नाही. दीवच्या किल्ल्यावर तासभर उन्हात फिरून पंगत कुठे दिसत नाही म्हटल्यावर माणसे तोफेच्या सावलीला बसून धपाटे सोडतात. समोर पाण्यात पाणीकोठा नावाचा छोटा जलदुर्ग दिसतो. तो पाहताना मात्र सगळे समाधानी होतात, कारण त्याच्या चहूबाजूंना पाणी आहे आणि ते दिसते.

मराठवाडा आणि दीव यांच्यात एक ऐतिहासिक नातेही निघते. १५ ऑगस्ट १९४७ ला दोघेही स्वतंत्र झाले नाहीत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला सुटला, म्हणजे तेरा महिने उशिरा. दीव चौदा वर्षे उशिरा. गुरुजी ही माहिती किल्ल्यावर सांगतात तेव्हा बसमध्ये प्रथमच कोणीतरी आपल्यापेक्षा मागास सापडल्याचा मंद आनंद पसरतो. पुढे दीव गोवा-दमणबरोबर केंद्रशासित झाले, १९८७ मध्ये गोव्यापासून वेगळे झाले आणि २०२० मध्ये दादरा-नगर हवेलीला जोडले गेले. त्याचा विकासनिधी पाहून तो आनंद फार टिकत नाही.

दुपार कलली की नागोवाचा किनारा. हा किनारा घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे आणि त्यावर होका नावाची ताडाच्या जातीची झाडे आहेत. ती पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणली असे सांगतात. या ताडाला फांद्या फुटतात, ही गोष्ट शिंदीची झाडे पाहत वाढलेल्या माणसाला समुद्रापेक्षा अधिक अद्भुत वाटते. समुद्राशी ओळख मात्र एका ठरलेल्या विधीने होते. प्रत्येक जण वाकतो, ओंजळ भरतो, जिभेवर थेंब घेतो आणि तोंड वाकडे करून मागच्याला सांगतो, “खारंच हाय.” मागचा त्यावर विश्वास ठेवत नाही आणि स्वतः वाकतो. असे पन्नास माणसांनी स्वतंत्रपणे पडताळल्यावर समुद्र खारट असल्याचे बसपुरते सिद्ध होते. मग हात धरून साखळी होते. साडी नेसलेल्या आजी, धोतर खोचलेले आबा, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले जावई, सगळे एका ओळीत उभे राहतात. याला पोहणे म्हणत नाहीत, समुद्रस्नान म्हणतात, आणि म्हणून त्याला वेगळे कारण लागत नाही.

संध्याकाळी खुकरी स्मारकावर जातात. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवसमोरच्या समुद्रात ‘खुकरी’ ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीच्या माऱ्याने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले, आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. इथे गुरुजींना काही समजावून सांगावे लागत नाही. ज्या घरातले पोरगे सैन्यात आहे त्या घरची माणसे काचेतल्या जहाजाच्या प्रतिकृतीसमोर जास्त वेळ थांबतात, आणि बस त्यांच्यासाठी थांबते.

रात्रीच्या जेवणाला यात्रेची फाळणी होते. दीवला माशांची हॉटेले ओळीने आहेत. त्यांच्यासमोरच्या मोकळ्या जागेत बस उभी राहते, आचारी शेगडी उतरवतो आणि पिठल्याची फोडणी देतो. समोरून तंदुरी पापलेटचा वास येतो, इकडून लसणाचा जातो. दोन्ही वासांच्या मधोमध बसचा समाज तीन गटांत विभागलेला उभा असतो.

पहिला गट माळकऱ्यांचा. त्यांचा प्रश्न मिटलेला आहे. द्वारकेचा कृष्णच पंढरीला विठ्ठल होऊन उभा राहिला, तेव्हा द्वारकेच्या वाटेवर माळ उतरवणे म्हणजे त्याच्या दारात जाऊन त्यालाच फसवणे. शिवाय दीवला जालंदर दैत्याची भूमी म्हणतात. त्याचे ठाणे इथे आहे, आणि वृंदा ही त्याचीच बायको, जी पुढे तुळस झाली. तुळशीच्या सासरी येऊन तुळशीची माळ काढायची, हे कोणत्याही शास्त्रात बसत नाही. दुसरा गट वार पाळणाऱ्यांचा. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, शिवाय एकादशी आणि चतुर्थी. कोणत्याही दिवशी गेले तरी या गटातल्या निम्म्या लोकांचा काहीतरी वार निघतोच. तिसरा गट खाणाऱ्यांचा. त्यांची अडचण धार्मिक नसून कायदेशीर असते. सोमनाथ झाला आहे, द्वारका व्हायची आहे. मधला वेळ यात्रेत धरायचा की नाही? महाराजांना विचारले तर ते “ज्याच्या त्याच्या मनावर हाय” असे सांगून हरिपाठाला बसतात. त्यांनी तोंड भिंतीकडे केले की ती परवानगी समजतात.

खाणाऱ्यांचा गट हॉटेलात शिरतो आणि मेनूकार्ड उजव्या बाजूने, म्हणजे भावाच्या बाजूने, वाचायला लागतो. लॉबस्टरपुढे आकडा नसतो, “बाजारभावाप्रमाणे” असे असते. कापूस असो की सोयाबीन, भाव आधी न बोललेल्या मालात शेवटी कोण बुडतो हे आडतीवर शिकलेल्या लोकांना पुन्हा शिकवावे लागत नाही. लॉबस्टर तिथेच बाद होतो. पापलेट आणि सुरमई उरतात. “रस्सा हाय का?” हा पहिला प्रश्न. वेटर ग्रिल, तंदुरी, बटर गार्लिक अशी नावे सांगतो. “ते ऱ्हाऊ द्या. रस्सा, काळा, तर्रीचा. आन् भाकर.” भाकर नसते, बटर रोटी असते. शेवटी सुरमईची करी येते, तिच्यात नारळ निघतो, आणि येसराच्या आमटीवर वाढलेली माणसे एकमेकांकडे पाहतात. पिशवीतून ठेच्याची बरणी निघते आणि करी दुरुस्त केली जाते.

पापलेट मात्र सगळ्यांना बुचकळ्यात टाकतो. बीड जिल्ह्यात मासा म्हणजे माजलगावच्या धरणातला रोहू, कटला, नाही तर चिलापी. आणि मासा खाणे म्हणजे मुख्यतः काटे काढणे. तिथे घास तोंडात गेल्यावर घरभर शांतता होते, लहान पोरांना बोलायला बंदी असते आणि काटा अडकलाच तर कोरड्या भाकरीचा तुकडा हाताशी तयार ठेवलेला असतो. पापलेटला मधला काटा बाजूला केला की दुसरे काम उरत नाही. इतका सोपा मासा खरा कसा असेल, अशी शंका अर्धा संपेपर्यंत टिकते आणि उरलेल्या अर्ध्यात मावळते.

बाहेर पिठल्याच्या पंगतीतही सगळे आलबेल नसते. काही शाकाहारी मंडळींनी बदल म्हणून गुजराती थाळी घेतलेली असते. वरणाचा पहिला घोट घेताच त्यांची मुद्रा बदलते. “वरणात गूळ टाकलाय व्हय ओ?” या प्रश्नाला होकार आला की दुसरी बरणी निघते. एका बेटावर मांसाहारी आणि शाकाहारी बीडकरांना एकत्र आणण्याचे कार्य ठेच्याने केले आहे.

दारूचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण त्याविषयी कोणीही काही सांगत नाही. जेवणानंतर चार-सहा जण “जरा पाय मोकळे करून” येतात. पाय बरेच मोकळे झालेले असतात. परत आल्यावर ते हरिपाठात इतरांपेक्षा मोठ्याने म्हणतात आणि महाराज त्या दिवशी सूर वरचा लागल्याचे नोंदवतात.

सकाळी दीव सोडून गुजरातच्या हद्दीत शिरताना गाड्यांची तपासणी होते. दारू बाहेर नेऊ द्यायची नसते. पन्नास माणसांच्या पिशव्यांत काय काय असते ते पोलिसांना इथे प्रथमच कळते. तुपाचे डबे, शेंगाचे लाडू, मलमाच्या बाटल्या, आणि प्रत्येकाकडे कॅन. त्यात सोमनाथच्या त्रिवेणी संगमाचे पाणी. पोलीस एक झाकण उघडून वास घेतो. “तीर्थ हाय ते, उष्टं करू नका,” असे आजी खडसावतात. तो दुसरी बरणी उघडतो. ती ठेच्याची निघते. खोलवर वास घेतल्यानंतर त्याचे डोळे भरून येतात, आणि पुढच्या पिशव्या न उघडताच बस सोडली जाते.

यात्रा पूर्ण झाली की गावी मावंदे होते. भावकी, सोयरे, शेजारी जेवायला येतात आणि यात्रेचे वर्णन ऐकतात. त्यात सोमनाथाची आरती असते, द्वारकेची ध्वजा असते, गंगेश्वराच्या लाटांनी बेल नेल्याची हकीकत असते. दीवचे नाव तेवढ्यापुरते येते. पापलेट, व्हरांड्यातली पहाटेची भेट आणि मोकळे झालेले पाय यांचे वर्णन पंगत उठल्यावर, पारावर, माणसे निवडून केले जाते. ते ऐकून ज्यांना गंगेश्वराची एकाएकी ओढ लागते, त्यांची नावे पुढच्या खेपेसाठी तिथेच लिहून घेतली जातात, आणि त्या यादीत माळकरीही बरेच असतात.